जरा जास्तच नवं झालेलं लेथ

जगात निकामी झालेली वस्तू असा काही प्रकारच नसतो, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ मी आजवर पाहिले, आणि नशिबाची करणी अशी की ते माझे सख्खे साडू निघाले. रस्त्याकडेचं कुत्र्याचं पिल्लू पाहून एखाद्याचा पाय अडखळतो, तसा यांचा गंजलेला गिअर पाहून अडखळतो. फरक इतकाच, की पिल्लू आपल्या पायांनी मागे येतं आणि साडूंचं प्रेम घरी आणायला टेम्पो करावा लागतो. ‘लोखंड मरत न्हाई पाव्हणं, रुसतं,’ हे त्यांचं ब्रीद. गेली आठ-नऊ वर्षं ते जुळे सोलापुरातल्या आपल्या घराच्या पार्किंगमध्ये रुसलेल्या लोखंडाची समजूत काढत बसलेले आहेत. शेजारीपाजारी जिथे मोटार उभी करतात, तिथे यांच्याकडे एक शेपर, एक ड्रिलिंग मशीन, एक यांत्रिक करवत आणि एक लेथ उभं आहे. स्कूटर बिचारी बाहेर लिंबाच्या झाडाखाली पक्ष्यांच्या स्वाधीन असते.

बरं, हा माणूस जन्माचा कारागीर म्हणावा तर तेही नाही. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत टेबलाशी काढली. त्या काळात त्यांनी हाताळलेलं सगळ्यात अवजड लोखंड म्हणजे कागदाला भोकं पाडायचं पंचिंग. निवृत्त झाल्यावर महिन्याभरातच आक्काने, म्हणजे त्यांच्या बायकोने, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, त्यांना चिंचोळी एमआयडीसीत पिटाळलं. तिथे एक कारखाना बंद पडून सामान विक्रीला निघालं होतं आणि आक्काला कंपाउंडसाठी लोखंडी फाटक हवं होतं. साडू फाटक आणायला गेले आणि शेपर घेऊन आले. शेपर म्हणजे सुतार लाकूड रंध्याने तासतो तसं लोखंड तासणारं, हत्तीच्या पिल्लाएवढं यंत्र. टेम्पोतून उतरवताना ते नेमकं फाटकाच्या जागेत अडकलं आणि पुढची दोन वर्षं तिथेच राहिलं. आल्यागेल्याने अंग चोरून आत शिरायचं. कुणी काही बोललं तर साडू शांतपणे विचारायचे, ‘फाटकाचं काम काय? गुरं अडवायची. मग हे काय करतंय?’ आणि गुरं खरोखरच येत नव्हती. आक्काचं म्हणणं मात्र ठाम होतं. ‘सवत परवडली असती,’ ती म्हणायची, ‘एवढी जागा तरी अडवली नसती तिनं.’

गंज काढायची त्यांची पद्धत साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यालाच सुचावी. पिंपभर पाण्यात मळी कालवायची, तिच्यात गंजका भाग बुडवायचा आणि पंधरा दिवस त्याचं नाव काढायचं नाही. सोळाव्या दिवशी आतून कोवळं, राखाडी, जन्मल्या दिवसासारखं लोखंड निघतं, हे मी स्वतः पाहिलंय. पण त्या पंधरा दिवसांत जो वास सुटतो, त्याचं वर्णन सभ्य माणसाने करू नये. मुंग्या तर विजापूर रोड ओलांडून येत असाव्यात. एकदा कॉलनीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून तक्रार करायला आले. साडूंनी त्यांना पिंपाजवळ नेलं, हात घालून एक चक्र बाहेर काढलं, पाण्याखाली धरलं आणि त्याच्यावरचा कारखान्याचा शिक्का त्यांना वाचून दाखवला. सेक्रेटरी अर्ध्या तासाने परतले ते आजोबांचा गंजलेला अडकित्ता घेऊन, आणि तक्रारीचा कागद खिशातच ठेवून तो अडकित्ता स्वतःच्या हाताने पिंपात सोडून गेले.

दुसरी गोष्ट म्हणजे टूथब्रश. लोखंडाच्या खाचाखोचांतलं जुनं ग्रीस काढायला टूथब्रशासारखं हत्यार नाही, असं त्यांचं मत आहे, आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांकडून ते झिजलेले ब्रश गोळा करतात. झिजलेला कुठला, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला आहे. ते आमच्याकडे येऊन गेले की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या घरातली चार माणसं बोटाने दात घासतात. त्यांच्यासोबत कुठे जायचं म्हणजे तर जिवावरचं काम. माझ्या पुतण्यासाठी आम्ही अक्कलकोटकडे मुलगी बघायला गेलो होतो. पोहे झाले, मुलीने काय शिकलीस वगैरे प्रश्नांना छान उत्तरं दिली आणि थोरल्या माणसाने आता दोन शब्द बोलावेत म्हणून सगळ्यांनी साडूंकडे पाहिलं, तर खुर्ची रिकामी. ते परसात उकिडवे बसून मुलीच्या वडिलांच्या जुन्या यांत्रिक करवतीशी कानडीत बोलत होते. माणसांशी मराठी आणि यंत्रांशी कानडी हा त्यांचा नेम आहे. ती त्यांच्या आईची भाषा, आणि यंत्राला रागावून कळत नाही, असं ते म्हणतात. ती सोयरीक काही जुळली नाही. करवत मात्र आली, आणि तिचे पूर्वीचे मालक अजूनही दर उन्हाळ्यात तिची ख्यालीखुशाली विचारायला फोन करतात.

या सगळ्यात माझं काम बॅटरी धरण्याचं. बँकेतून सुटल्यावर मी तिकडे वळतो आणि साडू यंत्राच्या पोटात डोकं घालून असतात तेव्हा बाजूला उभा राहून उजेड पाडतो. मी तो नेहमी चुकीच्या ठिकाणी पाडतो. ‘पाव्हणं, मला लोखंड दिसू द्या, माझं टक्कल न्हाई,’ असं ते आतून म्हणतात. एकदा मी सहज विचारलं, की या एवढ्या यंत्रांवर तुम्ही करता तरी काय. ते म्हणाले, ‘ड्रिलवर शेपरच्या पट्ट्या केल्या. शेपरवर करवतीची बैठक केली.’ म्हटलं, आणि करवतीवर? ‘ड्रिलचा दांडा कापला.’ बाहेरच्या जगाला उपयोगी पडेल अशी एकही वस्तू त्या पार्किंगमधून आजवर निघालेली नाही, आणि याची खंत वाटणारा त्या घरात मी एकटाच आहे.

लेथ, म्हणजे लोखंड फिरवत ठेवून कातायचं यंत्र, आलं ते सगळ्यांत शेवटी. शहराच्या पूर्व भागात, जिथे अजून चार गल्ल्यांत माग वाजतात, तिथे एका बाईंच्या घरात ते होतं. बाई तेलुगू बोलणाऱ्या, वय साडूंच्याच आसपास. त्यांचे यजमान पुढच्या खोलीत लेथवर मागाचे सुटे भाग करून द्यायचे आणि मागच्या खोलीत संसार. यजमान वारून दोन वर्षं झाली होती. भंगारवाले येऊन जात होते, पण ते घणाने फोडून नेणार म्हटल्यावर बाई त्यांना दारातून परत पाठवत होत्या. साडूंनी मात्र आत गेल्यावर आधी चपला काढल्या आणि मग लेथवर हात ठेवला. तेवढ्यावर बाईंनी होकार दिला. फक्त एक अट घातली. ‘मशीन तुमचं. पन खंडेनवमीची पूजा माझीच हाय. मी येनार.’ साडू म्हणाले, ‘या की. तुमच्याबिगर हळदीचं बोट लागनार न्हाई त्याला.’ मी तिथेच उभा होतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं बंद ठेवून त्यांची पूजा करायची हे आपल्याकडे घरोघर असतं, त्यामुळे त्या बोलण्याचं मला काही विशेष वाटलं नाही. साडूंनी मात्र शब्द दिला होता.

पुढचे आठ महिने त्या लेथचे. साडूंनी ते नटबोल्टपर्यंत सुटं केलं. डोक्याच्या भागावर पस्तीस-चाळीस दसऱ्यांच्या हळदीकुंकवाचा, तेलाचा आणि धुळीचा पापडाएवढा जाड थर होता. तो त्यांनी थिनर टाकून खरवडला. रंगाचे पाच थर निघाले, सगळ्यात खाली मूळचा हिरवा सापडला, तसाच हिरवा त्यांनी दुकानदाराशी वाद घालून जुळवून आणला. मुठीवर यजमानांनी गुंडाळलेली सुती चिंधी होती, ती सोडून नवी गुळगुळीत मूठ बसवली. आणि सगळ्यात शेवटी त्यांनी आवाजाकडे मोर्चा वळवला. मोटरवरून लेथकडे जो चपटा पट्टा फिरतो, तो कधीतरी तुटला असताना यजमानांनी लोखंडी आकडे मारून जोडला होता, आणि तो सांधा प्रत्येक फेऱ्याला पुलीवर टक असा आपटायचा. साडूंनी तो पट्टाच काढून टाकला आणि चिकटवलेला, सांधा न कळणारा नवा पट्टा चढवला. बटण दाबल्यावर लेथ नुसतं गुणगुणायचं. त्यांनी लेथच्या सपाट पाठीवर आठ आण्याचं नाणं उभं करून मला दाखवलं. लेथ चालू आणि नाणं जागच्या जागी. ‘कंपनीतून निघालं तवाबी एवढं चांगलं नसंल,’ ते म्हणाले, आणि खरं सांगतो, मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला. मी तो बोलून दाखवला नाही, कारण ते चढले असते.

खंडेनवमीला मी मुद्दाम रजा टाकून गेलो. आक्काने झेंडूच्या माळा केल्या होत्या, साडूंनी इस्त्रीचा सदरा घातला होता, कपाळावर भस्माचे ताजे पट्टे होते. अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली आणि बाई उतरल्या. हातात फडक्याने झाकलेलं ताट, त्यात नारळ. लेथ अगदी समोरच उभं होतं. बाई त्याला वळसा घालून पुढे गेल्या, शेपरच्या मागे डोकावल्या, ड्रिलपाशी थांबल्या आणि वळून म्हणाल्या, ‘आमचं कुटं ठिवलंय?’

साडू हसले. ते या प्रश्नाचीच आठ महिने वाट पाहत होते. ‘हे काय, तुमच्या म्होरं हाय की.’

बाईंनी पाहिलं. खालून वर पाहिलं, एकदा वाकून मागून पाहिलं. ‘हे न्हवं,’ त्या म्हणाल्या. ‘आमचं दाखवा.’

साडूंनी पितळेच्या पट्टीवरचा नंबर दाखवला. मोबाईल काढून आधीचे फोटो दाखवले, एकेक करून, कुठला भाग कसा होता आणि कसा झाला. बाईंनी ते सगळे नीट पाहिले आणि मोबाईल परत देत म्हणाल्या, ‘फोटूत आमचंच हाय. हितं न्हाई.’ मग त्यांनी लेथच्या डोक्यावर, जिथे तो थर होता तिथे, हात फिरवला. ‘माझं तर झालंच,’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘ह्याचं बी कपाळ पांढरं केलंत की.’

आक्का आत निघून गेली. साडूंचा धीर सुटला आणि इतकी वर्षं पाळलेला नेम मोडून त्यांनी खंडेनवमीच्या दिवशी बटण दाबलं. ‘आज चालवता व्हय?’ बाई म्हणाल्या, पण ऐकत राहिल्या. लेथ गुणगुणलं. बाईंनी मान हलवली. ‘मुकं हाय हे. आमचं बोलायचं.’ आणि ताटाच्या कडेवर बोटाने त्यांनी टक, टक, टक असं वाजवून दाखवलं. ‘वळखीचं न्हाई त्याची पूजा कशी करू, सायेब?’ त्यांनी ताट पुन्हा झाकलं आणि पाणीसुद्धा न पिता आलेल्या रिक्षाने परत गेल्या.

साडूंना मी रागावलेलं पाहिलं आहे, बोट चेंगरल्यावर कळवळलेलं पाहिलं आहे, पण आपलं चुकलं की काय अशा शंकेत मी त्यांना त्या दिवसापर्यंत कधीच पाहिलं नव्हतं. बाकीच्या यंत्रांची पूजा झाली. लेथला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पूजा ज्यांची त्यांनीच करायची, असा शब्द गेला होता, आणि पूजेविना ते चालवायचंही नाही, असं त्यांनी जाहीर केलं. जेवणाच्या पानावरून ते तसेच उठले. ‘पाव्हणं,’ ते म्हणाले, ‘त्यांनी मशीन कुनी फोडू नये म्हनून मला दिलं. भंगारवाल्यानं घणानं फोडलं असतं, मी बिरशानं फोडलं. फरक काय?’ एरवी मी काहीतरी चावट उत्तर दिलं असतं. त्या दिवशी मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला. आवाज पूर्वीसारखाच ठणठणीत. ‘बॅटरी घेऊन या. आवाज घालायचाय.’ ज्या टकटकीचा काटा काढल्याचा त्यांना सर्वांत जास्त अभिमान होता, तीच आता परत बसवायची होती. जुना पट्टा भंगारात गेलेला. मग नवा, महागडा, अखंड पट्टा त्यांनी सुरीने कापला आणि त्याला लोखंडी आकडे ठोकले. ते करताना त्यांच्या चेहऱ्याकडे माझ्याच्याने बघवेना. पण नुसत्या टकटकीने भागेना, ती तीच हवी. मग रोज दुपारी आक्काने मोबाईल लेथशी धरायचा आणि पलीकडून पूर्व भागातल्या बाईंनी निकाल द्यायचा. पूजेविना यंत्र चालवत नाही म्हणता ना, असं मी टोकलं तर म्हणाले, ‘चालवतोय कुटं? ऐकवतोय.’ पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, ‘लई घाईत बोलतंय.’ दुसऱ्या दिवशी, ‘भांडल्यागत बोलतंय.’ एकदा म्हणाल्या, ‘बरं हाय, पन आमचं दमून बोलायचं.’ दमून बोलणारं यंत्र कसं करायचं, हे कुठल्या पुस्तकात असतं? साडूंनी पट्टा थोडा ढिला केला, एक आकडा मुद्दाम वाकडा ठोकला, एक उपटूनच टाकला. तो आवाज घालवायला एक पट्टा बदलून भागलं होतं. परत आणायला तीन आठवडे लागले. मग एका दुपारी निकाल येईना. फोन कटला वाटून आक्का हॅलो हॅलो करू लागली. ‘रविवारी येते,’ एवढंच बाई म्हणाल्या.

दिवाळीनंतरचा पहिला रविवार. बाई आल्या, उलट्या घातलेल्या डब्यावर बसल्या आणि लेथकडे न बघता रस्त्याकडे तोंड करून म्हणाल्या, ‘लावा.’ साडूंनी बटण दाबलं. टक, टक, टक. त्यांनी लोखंडाचा एक तुकडा चकमध्ये, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीत, धरून उगाच तासायला घेतला, कारण नुसतं उभं राहणं त्यांना जमेना. पाच-सात मिनिटं गेली असतील. मग काम संपल्यावर करतात तसं त्यांनी लेथ बंद केलं.

आवाज थांबला तशा बाई उठल्या. घर कुणाचं, दार कुठलं, काही न बघता सरळ आक्काच्या स्वयंपाकघरात गेल्या, फळीवरचं पातेलं काढलं आणि विचारलं, ‘साखर कुटं?’ आक्का आपल्या ओट्याला सख्ख्या बहिणीलाही हात लावू देत नाही. तिने मुकाट्याने डबा पुढे केला. चहाचे कप घेऊन बाई बाहेर आल्या, साडूंच्या हातात कप दिला, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं आपण काय केलं ते. ‘थांबलं की चा लागायचा त्यांना,’ त्या म्हणाल्या. ‘हाक कधी मारली न्हाई. मागल्या खोलीत मला आवाजावरनंच कळायचं.’ पदर डोळ्याला लावून त्यांनी पिशवीतलं कुंकू काढलं आणि त्या चकचकीत हिरव्या रंगावर लेपासारखं थापलं. रंगाला कुणाचं बोट लागलं तरी अंगावर येणारे माझे साडू, पण म्हणाले, ‘आनखी लावा की.’ रक्तातल्या साखरेमुळे डॉक्टरांनी त्यांना गोड बंद केलंय. तो तीन चमचे साखरेचा चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. ‘झालं आमचं,’ बाई जाताना लेथकडे बघून म्हणाल्या, ‘येते भाऊ.’

याला आता दोन दसरे झाले. बाई नेमाने येतात आणि लेथचं कपाळ पुन्हा जाड होत चाललंय. साडू एका नव्या गंजलेल्या पाहुण्याच्या मागे आहेत, त्यामुळे लेथला खरं तर काही काम नाही. तरी रोज दुपारी चार वाजता ते पाच मिनिटं लावतात आणि बंद करतात. विचारलं तर सांगतात, तेल फिरायला हवं. आक्काला कुणी काही सांगितलेलं नाही. ती त्या यंत्रांना अजूनही सवत म्हणते. पण टकटक थांबायच्या सुमाराला तिचं आधण चढलेलं असतं, आणि बिनसाखरेचा कप घेऊन ती दारात येते तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघत नाहीत. मी मात्र बघतो. कधीतरी या घरातही तो आवाज थांबून राहील, हे मला कळतं. म्हणून हल्ली बँकेत काम असो वा नसो, चार वाजता मी कसाही तिथे जाऊन पोचतो. माझा कप आक्का आता न विचारता ठेवते.